मीटरच्या पुढचे घर

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
मुख्य विद्युत निरीक्षक, महाराष्ट्र शासन
मुख्य अभियंता, महावितरण, चंद्रपूर परिमंडळ

विषय : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील जुन्या घरगुती वीजजोडण्यांची मुदतीने सुरक्षा तपासणी

खांबापासून मीटरपर्यंतची वीज महावितरणची आणि मीटरच्या पुढची ग्राहकाची, अशी जबाबदारीची वाटणी आहे. पहिल्या भागाला लाईनमन आहे, उपविभागाचे कार्यालय आहे, तक्रार नोंदवायला जागा आहे. दुसऱ्या भागाला, म्हणजे घरातल्या वायरिंगला, जोडणी मिळाल्यानंतर कोणी वाली राहत नाही. घरात करंट लागून माणूस दगावतो तेव्हा कारण बहुधा याच भागात सापडते : सोललेली तार, नसलेले अर्थिंग, उलटी जोडलेली फेज. ही कारणे एका दिवसात तयार होत नाहीत. ती वर्षानुवर्षे भिंतीवर सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात.

कायद्याने हा भाग मोकळा सोडलेला नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम ५३ मध्ये सुरक्षिततेच्या तरतुदी आहेत. त्यांच्या आधारे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षा व वीजपुरवठ्याविषयीचे विनियम केले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आणले. त्याआधी १९५६ चे भारतीय विद्युत नियम लागू होते. या नियमांचा गाभा तीन गोष्टींचा आहे. नवी जोडणी देण्याआधी, किंवा सहा महिने बंद असलेली जोडणी पुन्हा सुरू करण्याआधी, घरातली वायरिंग तपासलेली असावी. दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांची साधी अदलाबदल सोडली तर वायरिंगचे कोणतेही काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि परवानाधारक तारतंत्र्याच्या हातूनच व्हावे. आणि चालू जोडणीची तपासणी ठरावीक मुदतीने, जास्तीत जास्त पाच वर्षांनी, व्हावी.

पहिली अट कागदावर पाळली जाते. अर्जासोबत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि तो जोडला जातो. दुसरी अट शहरात अर्धीमुर्धी पाळली जाते, खेड्यात फार थोडी. तिसरी अट घरांच्या बाबतीत पाळलीच जात नाही, कारण ती पाळणारा माणूस नेमलेला नाही. शासनाने अधिसूचित केलेल्या व्होल्टेजपर्यंतच्या जोडण्यांची तपासणी मालकाने स्वतः करून स्वतः प्रमाणित करावी, अशी सोय विनियमांत आहे आणि घरगुती जोडणी त्यात बसते. मोठ्या इमारतीचा किंवा कारखान्याचा मालक त्यासाठी अभियंता नेमू शकतो. कोरची किंवा एटापल्ली तालुक्यातल्या धानाच्या कास्तकाराने आपल्या घरातल्या तारांचा रोध मोजून प्रमाणपत्र लिहावे, ही अपेक्षा व्यवहारात उतरणारी नाही. हे कर्तव्य आपल्यावर आहे, एवढेही त्याला कोणी सांगितलेले नसते.

या दोन जिल्ह्यांचे विजेशी असलेले नाते जुने आणि विषम आहे. चंद्रपूरजवळ दुर्गापूरला २,९२० मेगावॅट क्षमतेपर्यंत वाढलेले औष्णिक वीज केंद्र उभे राहिले आणि राज्याच्या कानाकोपऱ्यात इथली वीज गेली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत, जिथे तीन चतुर्थांशाहून अधिक भूभाग जंगलाचा आहे, अनेक गावांना मात्र तारेची वाट पाहावी लागली. २००५ ची राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना, २०१४ ची दीनदयाळ उपाध्याय ग्रामज्योती योजना आणि सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेली सौभाग्य योजना, अशा टप्प्यांनी वीज पाड्या-टोल्यांपर्यंत पोहोचली. सौभाग्य योजनेत गरीब घराला मोफत मिळाले ते सर्व्हिस वायर, मीटर, एका पॉइंटची वायरिंग आणि एक एलईडी दिवा. हे मोठे काम झाले आणि त्याचे मोल कमी लेखता येत नाही. पण ती वायरिंग एका दिव्याची होती. घर मात्र एका दिव्यावर थांबले नाही.

त्या एका पॉइंटचे पुढे काय होते, ते कवेलूच्या कोणत्याही घरात पाहता येते. कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली लाकडी फळी, तिच्यावर मीटर, खाली एक बटण आणि होल्डर. पहिल्या वर्षी होल्डरमधून मोबाइलच्या चार्जरसाठी तार निघते. दुसऱ्या वर्षी टीव्ही येतो आणि दोन पिळाची पातळ वायर आढ्यावरून पलीकडच्या खोलीत जाते. तिथे जॉइंट मारलेला असतो, त्यावर टेप, आणि टेप संपला असेल तर पिशवीचा प्लास्टिक तुकडा. पंख्याला पिन नसते, म्हणून तारेची सोललेली टोके सॉकेटमध्ये खुपसून आगपेटीच्या काडीने घट्ट केलेली असतात. फ्यूज उडून उडून त्रास होतो, म्हणून त्यात एका बारीक तारेऐवजी तांब्याचे चार-सहा पदर पिळून घातलेले असतात. उन्हाळ्यात याच तारेवर कूलर लागतो, पावसाळ्यानंतर विहिरीवरची छोटी मोटर. दिव्यासाठी घेतलेली तार आता दहापट भार वाहते. तिचे आवरण तापते, कडक होते, तडकते. वरून उंदीर ती कुरतडतात आणि पावसाचे पाणी कवेलूतून तिच्यावर टपकते.

या चित्रातला प्रत्येक तपशील हा एकेका मानकाचा भंग आहे. भारतीय मानक ७३२ हे घरगुती वायरिंगचे मानक, भारतीय मानक ३०४३ हे अर्थिंगचे. दिव्या-पंख्यांच्या सर्किटला १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि पॉवर पॉइंटला २.५ किंवा ४ ची, हा तारतंत्र्यांचा रूढ हिशोब आहे. दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षा जास्त भार नसावा. बटण नेहमी फेजच्या तारेत असावे. ते न्यूट्रलमध्ये लागले, तर बटण बंद करूनही होल्डर जिवंत राहतो आणि दिवा बदलायला स्टुलावर चढलेल्याला शॉक बसतो. काळी तार न्यूट्रलची, हिरवी अर्थची, हा रंगसंकेत याचसाठी आहे. हाताला लागेल त्या रंगाची तार वापरली की पुढच्या माणसाला काहीच वाचता येत नाही.

सर्वांत गंभीर भंग अर्थिंगचा. ग्राहकाच्या जागेत पुरवठा जिथून सुरू होतो तिथे योग्य अर्थ टर्मिनल देणे आणि ते सुस्थितीत ठेवणे हे पुरवठादाराचे कर्तव्य आहे. १९५६ च्या नियमांत ते होते, २०१० च्या विनियमांतही होते. प्रत्यक्षात खांबावरून घरात दोन तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. तिसरी नसते. त्यामुळे तीन पिनांच्या सॉकेटमधले वरचे मोठे भोक बहुतेक घरांत रिकामेच असते. काही ठिकाणी याहून धोकादायक गोष्ट केली जाते. न्यूट्रल नीट मिळत नसेल तर जमिनीत लोखंडी सळी ठोकून तिच्यावर दिवा चालवला जातो. मग ती सळी आणि तिच्याभोवतीची ओली जमीन हीच जिवंत होते. तिथे बांधलेले जनावर आधी मरते, कधी त्याला सोडवायला गेलेला माणूस.

अपघात कसा घडतो हे समजण्यासाठी कूलरचे उदाहरण पुरेसे आहे. मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचे तापमान ४७ अंशांच्या आसपास जाते. अशा उन्हात कूलर ही चैन राहत नाही. पत्र्याचे अंग, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, ओल्या ताट्या, खाली ओली फरशी किंवा सारवलेली जमीन. पंपाची तार टाकीच्या कडेवर घासून सोलली जाते आणि फेज पत्र्याला टेकते. कूलर चालूच राहतो, कारण पंख्याला काही झालेले नसते. पाणी भरायला आलेली बाई अनवाणी असते, एका हातात बादली, दुसरा हात पत्र्यावर. ओल्या शरीराचा रोध ढोबळमानाने १,००० ओहम धरला जातो. २३० व्होल्टला त्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. हात आखडून सुटेनासा व्हायला १० ते १५ मिलिअँपिअर पुरतात. ५० च्या पुढचा प्रवाह सेकंदभर टिकला तरी हृदयाची लय तुटू शकते.

इथे फ्यूज किंवा एमसीबी मदतीला येत नाही. एमसीबी ६ किंवा १६ अँपिअरची असते आणि २३० मिलिअँपिअर म्हणजे पाव अँपिअरही नाही. छताचा साधा पंखा जवळपास तेवढाच प्रवाह घेतो. एमसीबीच्या दृष्टीने माणूस आणि पंखा यांत फरक नसतो. ती तारेला जळण्यापासून वाचवते, माणसाला नाही. नुसते अर्थिंगही नेहमी पुरत नाही. मुरमाड, खडकाळ जमिनीत अर्थिंगचा रोध २० ओहम असला, तर बिघाडाचा प्रवाह साडेअकरा अँपिअरच्या आसपास येतो. १६ अँपिअरची एमसीबी त्याने पडतच नाही आणि कूलरचा पत्रा जिवंत राहतो.

यावर उपाय म्हणून आरसीसीबी नावाचे उपकरण असते. बाजारात त्याला अजून ईएलसीबीही म्हणतात. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ते सतत मोजते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे प्रवाह दुसऱ्या कुठल्या वाटेने जमिनीत चालला आहे, हे ओळखून ते सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडते. विनियमांनी हे उपकरण सक्तीचे केले आहे, पण लहान भाराच्या घरगुती जोडण्यांना त्या सक्तीतून वगळले आहे. जंगलातल्या गावांत बहुतेक घरे नेमकी या वगळलेल्या वर्गात मोडतात. ज्या घरात अर्थिंग नाही, भिंती ओल्या आहेत आणि माणसे अनवाणी आहेत, तिथेच हे संरक्षण नियमाने लागू होत नाही. ही उणीव राज्याने आपल्या खर्चाने भरून काढण्यासारखी आहे.

पावसाळा धोका वाढवतो आणि पूर तो लपवतो. सप्टेंबर २०१९ मध्ये भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुराने वेढले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी ब्रह्मपुरी, गडचिरोली, देसाईगंजकडच्या गावांत शिरले. जुलै २०२२ मध्ये चंद्रपूर शहराच्या सखल वस्त्या इरई नदीच्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर घर धुतले जाते, चिखल काढला जातो आणि मेन स्विच वर केला जातो. पण बोर्डाच्या मागे, पाइपात, जॉइंटमध्ये गाळ आणि ओल राहते. पुरात बुडालेली प्रत्येक जोडणी पुन्हा सुरू करण्याआधी तपासली जायला हवी. जोडणी सहा महिने बंद राहिली तर नियम तपासणी मागतो. चार दिवस पाण्याखाली राहिली तर तशी तपासणी होत नाही.

आणखी एक तार घराबाहेर जाते. रानडुकरे धान खातात, म्हणून शेताभोवती उघडी तार ओढून तिच्यात रात्री करंट सोडला जातो. कधी मोटरपंपाच्या जोडणीतून, कधी घरच्या बोर्डावरून, कधी लाईनवर आकडा टाकून. एप्रिल २०१७ मध्ये ब्रह्मपुरी वन विभागात नागभीडजवळ रेडिओ कॉलर लावलेला ‘श्रीनिवास’ हा वाघ अशाच तारेने मेला. वाघाची बातमी होते. त्याच तारांना अडकून मेलेल्या शेतकऱ्यांची, गुराख्यांची, पहाटे मोहफूल वेचायला निघालेल्यांची नोंद स्थानिक ठाण्यापुरती राहते. हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा असलीच पाहिजे. पण सौर कुंपण हे क्षणिक धक्का देणारे, जीव न घेणारे साधन आहे आणि ताडोबाच्या आसपासच्या गावांत शासनाने ते अनुदानावर दिले आहे. घरतपासणीत शेताकडे जाणारी तार दिसली तर ती काढण्यासोबत त्या कुटुंबाचे नाव सौर कुंपणाच्या यादीत गेले पाहिजे. पीक वाचवण्याचा दुसरा मार्ग दिल्याशिवाय ही तार कायमची निघत नाही.

वायरिंग अशी का होते, याचा दोष एका माणसावर टाकता येत नाही. परवानाधारक ठेकेदार तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असतो. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एका सॉकेटसाठी तो येत नाही आणि आला तर त्याचा खर्च परवडत नाही. गावातला वायरिंग करणारा मुलगा हाताने कसबी असतो. कुठे मदतनीस म्हणून शिकलेला, पण परवाना नसलेला आणि मोजण्याची उपकरणे नसलेला. त्याच्याकडे एक टेस्टर असतो. टेस्टर पेटला तर लाईन आहे, एवढेच त्यावरून कळते. आवरणाची स्थिती, अर्थिंगचा रोध, गळती यांतले काहीही टेस्टरवर कळत नाही.

लोक तपासणीला घाबरतात, हेही मान्य केले पाहिजे. आजवर घरात वीज तपासायला जे कोणी आले ते मुख्यतः चोरी पकडायला आले. भरारी पथक गावात आल्याची बातमी पुढच्या टोल्यावर आधी पोहोचते आणि तारा कणगीमागे जातात. कलम १३५ खाली वीजचोरी हा गुन्हा आहे आणि त्याविरुद्धची कारवाई योग्यच आहे. पण सुरक्षेची तपासणी त्याच पथकाने, त्याच वहीने केली, तर सर्वांत धोकादायक तार सर्वांत आधी लपवली जाईल. म्हणून या दोन तपासण्या वेगळ्या माणसांकडून, वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या कागदावर झाल्या पाहिजेत. सुरक्षा तपासणीत सापडलेल्या दोषावर दंड नसावा. आधी दुरुस्ती, मग पुन्हा तपासणी असावी.

अपघातानंतरची व्यवस्था मात्र पूर्ण आहे. कलम १६१ नुसार विजेच्या अपघाताची सूचना द्यावी लागते. प्राणघातक अपघाताची खबर कळल्यापासून २४ तासांत विद्युत निरीक्षकाला देण्याचा नियम आहे. निरीक्षक येतो, मोजणी करतो, कारण लिहितो. तीच मोजणी वर्षभर आधी झाली असती तर त्या घरात माणूस वाचला असता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने १२ हजारांहून अधिक माणसे दगावली. शेजारच्या भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बालके गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. घरांत माणसे एकेक करून जातात, म्हणून त्यांच्यासाठी असा आदेश निघत नाही.

घरोघरची तपासणी अशक्य नाही, हे इतर देशांनी दाखवले आहे. जपानमध्ये घरगुती जोडणीची तपासणी साधारण चार वर्षांतून एकदा वीज वितरण करणाऱ्या कंपनीने करवून घ्यायची असते आणि तिचे पैसे घरमालकाकडून घेतले जात नाहीत. इंग्लंडमध्ये २०२० पासून भाड्याच्या घरांची वायरिंग दर पाच वर्षांनी तपासून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडेही स्वयंपाकाच्या गॅसची नळी आणि शेगडी तपासायला वितरकाचा माणूस मुदतीने घरी येतो. विजेलाही तीच शिस्त लावायची आहे.

तपासणीचे काम प्रशिक्षित तारतंत्र्याला एका घरात तासाभराच्या आत उरकता येते. आधी मेन बंद करून दिवे, टीव्ही, चार्जर काढायचे, नाहीतर मेगरच्या व्होल्टेजने ते जळतात. मग ५०० व्होल्ट डीसी मेगरने एक मिनिट आवरणाचा रोध मोजायचा. तो निदान एक मेगओहम असला पाहिजे. त्यानंतर मेन पुन्हा सुरू करून फेज-न्यूट्रलची जागा, बटणांची जागा, अर्थिंगचा रोध, फ्यूज, उघडे जॉइंट आणि मीटरवरचा एकूण भार तपासायचा. शेवटी कूलर, मोटर, टिनाचे छत आणि कपडे वाळत घालायची तार यांना हात लावण्याआधी टेस्टर लावून पाहायचा. निष्कर्ष एका कार्डावर लिहून ते मीटरजवळ लावायचे : हिरवे म्हणजे ठीक, पिवळे म्हणजे दुरुस्ती हवी, लाल म्हणजे दुरुस्तीआधी वापरू नये. भामरागड-एटापल्लीत माडिया आणि गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली बोलणारी घरे आहेत. त्यामुळे कार्डावर चित्रे असावीत आणि समजावणारा माणूस त्या भाषेचा असावा.

माणसेही उपलब्ध होऊ शकतात. शासकीय आयटीआयमधून तारतंत्री आणि वीजतंत्री हे अभ्यासक्रम शिकून मुले दरवर्षी बाहेर पडतात. छोट्या ग्रामपंचायतींत ग्राम विद्युत व्यवस्थापक नेमण्याची कल्पना राज्याने २०१६ मध्ये स्वीकारली होती. त्या पदाला मेगर, अर्थ टेस्टर आणि परवान्यापर्यंतचे प्रशिक्षण दिले तर प्रत्येक गटग्रामपंचायतीला एक तपासनीस मिळतो. गडचिरोलीत ग्रामसभांची परंपराही मजबूत आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून जंगलाचा कारभार हाती घेतला. जी ग्रामसभा बांबूचा हिशोब ठेवते ती घरांच्या वीज कार्डांचा हिशोबही ठेवू शकते.

यावरून दोन्ही जिल्ह्यांसाठी मागण्या पुढीलप्रमाणे ठरतात.

१. मोफत जोडणी योजनांतून वीज मिळालेल्या प्रत्येक घराची पहिली तपासणी शासनाच्या खर्चाने व्हावी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी व्हावी. पूरग्रस्त घरांची तपासणी पुरवठा सुरू करण्याआधी व्हावी.

२. भार कितीही लहान असला तरी प्रत्येक घरगुती जोडणीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मीटरच्या लगत बसवून द्यावी. वायरिंग ओली किंवा सोललेली असेल तर ती वारंवार पडते आणि लोक वैतागून ती वगळून टाकतात. म्हणून आधी दुरुस्ती, मग आरसीसीबी, हा क्रम पाळावा. तिचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे, हे घरातल्या सर्वांना दाखवावे.

३. मीटरजवळचे अर्थ टर्मिनल महावितरणने द्यावे, मोजावे आणि त्याची नोंद ठेवावी.

४. सुरक्षा तपासणी वीजचोरीच्या तपासणीपासून पूर्ण वेगळी ठेवावी. लाल कार्डाच्या घराला तार, पिन, बोर्ड आणि मजुरी यांसाठी मदत मिळावी.

५. प्रत्येक प्राणघातक अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष, नाव वगळून, त्या गावाच्या ग्रामसभेत वाचला जावा, म्हणजे तसलीच तार पुढच्या घरात राहणार नाही.

मार्चपासून या भागात कूलर पुन्हा बाहेर निघतात. पहिली तपासणी त्याआधी, फेब्रुवारीअखेर, ज्या गावांत उन्हाळा सर्वांत कडक आणि वायरिंग सर्वांत जुनी आहे तिथून सुरू व्हावी.

चंद्रपूर-गडचिरोलीतील वीजग्राहकांच्या वतीने